पाषाणीचं चिलखत

१० नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांनी सांगितलंय, शुगर वाढलीय, रोज काय खाल्लं ते लिहा. मनात काय चाललंय तेही चार ओळी लिहा म्हणाले, टेन्शननंही वाढते. पोती पुरवणाऱ्या बारदानवाल्यानं दिलेली डायरी कोरीच पडली होती, ती काढली.

पहिल्या पानावर नाव-गाव असावं. मी श्रीशैल, लातूर. आमची डाळमिल आहे, वडील गेल्यापासून मीच बघतो. घरात अव्वा, म्हणजे माझी आई, आणि बायको अक्षरा. तिचं माहेर कंधारचं. लग्नाला दीड वर्ष झालं.

सकाळी भाकरी, पिठलं. दुपारी भात जास्त झाला. मनात विशेष काही नाही.

१२ नोव्हेंबर

दुपारी पाकीट विसरलं म्हणून घरी आलो. अव्वा झोपली होती. आतून हसण्याचा आवाज आला. अक्षरा खिडकीत बसून मोबाईलकडं बघून हसत होती. दीड वर्षात तिला असं हसताना मी पाहिलेलं नाही.

"काय बघायलीस?"

"काही न्हाई. गेम हाय. रव्यानं शिकवला होता मागं." रव्या म्हणजे रविकिरण, तिचा भाऊ. नांदेडला असतो.

मी मोबाईल घेतला. एक अवाढव्य करड्या रंगाची बाई, मान नाही, खांदे बैलगाडीच्या जुवासारखे, नाकापासून पायापर्यंत लोखंडात.

"ही कोण?"

"मी."

मला हसू आवरेना. "अगं, पॉइंट समजून घे. देवानं तुला एवढं रूप दिलंय, आणि तू खेळात हा धोंडा होऊन बसलीस?"

तिनं मोबाईल बंद केला आणि चहा टाकायला गेली. मी जुन्या विचारांचा नाही, खेळू नको असं म्हणालो नाही.

१४ नोव्हेंबर

मीही तो गेम उतरवून घेतला. अग्निद्वार नाव आहे. फक्त काय आहे ते बघावं म्हणून.

आधी वंश निवडायचा: मानव, गंधर्व, नाग, पाषाण. मग पेशा: योद्धा, धनुर्धर, मायावी, वैद्य. मग लढायचं आणि चिलखतं मिळवायची. गंमत अशी की चिलखत एकच असलं तरी ज्याच्या अंगावर जाईल तसं दिसतं. दुकानात घालून बघायची सोय आहे, मी ऑफिसात बसून सगळं घालून बघितलं. लोहकवच मानव योद्ध्यावर पोलादी कोटासारखं बसतं. तेच गंधर्व बाईवर, त्यातून ती मायावी असली, तर वाटीएवढे दोन पत्रे आणि कमरेला साखळी, बास. संरक्षण मात्र तेवढंच, एका आकड्याचा फरक नाही. गंधर्व पुरुषाला घातलं तर त्याची छाती झाकलेली. आणि पाषाणीला घातलं की बोटसुद्धा दिसत नाही.

कंपनीला गिऱ्हाईक कळतं. आम्ही डाळीला पॉलिश मारतो ते कशासाठी?

मी मानव योद्धा घेतला. नाव ठेवलं वाटसरू. गाव विचारलं तर सोलापूर सांगायचं ठरवलं.

१८ नोव्हेंबर

सापडली. तिचं तिथलं नाव शिळा, मोबाईल घेतला तेव्हा वाचलं होतं. दलदलीत एका सुसरीशी एकटीच झुंजत होती, मी मागून वार केला. तिनं लिहिलं, "आभारी आहे दादा." मी लिहिलं, "एकटी का लढता?" तिनं लिहिलं, "सवय आहे."

गुलाबजाम खाल्ला, एकच.

२२ नोव्हेंबर

आता रोज दुपारी अर्धा-पाऊण तास. ती आल्या आल्या विचारते, "जेवलात का?" अनोळखी माणसाला! घरी मला कधी विचारत नाही. अर्थात घरी तीच वाढते, विचारायचं काय.

आज मी मुद्द्यावर आलो. लिहिलं, "एवढे देखणे वंश सोडून दगड का घेतला?"

"पहिल्यांदा गंधर्वच घेतली होती. मायावी. एका चिलखतासाठी आठवडाभर लढले. अंगावर घातलं तर पोट उघडं, मांड्या उघड्या. चौकात गेले की लोक गोळा व्हायचे. लढाईला कुणी बोलवायचं न्हाई, नाच म्हणायचे. मग ती पुसून टाकली."

"आणि ही?"

"हिला काहीही घाला, ते अंगभर होतं. हिच्याकडं कुणी बघत न्हाई. हिला लढायला बोलवतात."

"पण दिसते कशी!"

"ती तुम्हाला दिसते. मी आत असते."

हे मला समजलं नाही. बाईला कुणी बघू नये असं कसं वाटेल? तिचे सगळे कपडे मी स्वतः आणतो. ब्लाउजचा गळा किती, पाठ किती, ते शिंप्याला मी सांगतो. लातुरात चारचौघांत तिला घेऊन गेलो की माणसं वळून बघतात. ते काय वाईट आहे?

२७ नोव्हेंबर

आज तिनं वाटसरूला दयानंदचं सांगितलं. लिहायला लाज वाटते, पण डॉक्टरांनी मनातलं लिहा म्हटलंय.

दयानंद माझा मित्र, त्याची मार्केटात धान्याची आडत आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात जेवण ठेवलं होतं. तिनं लिहिलं, "उघड्या पाठीचा ब्लाउज नवऱ्यानं शिवून आणला होता. फोटो काढताना त्यांच्या मित्रानं पाठीवर हात ठेवला. फोटो झाला तरी काढला न्हाई. बोटं फिरवत होता. रात्री नवऱ्याला सांगितलं."

"मग?"

"तू फोटोत हसली न्हाईस, म्हणाले."

मी तसं म्हणालो होतो, कारण ती खरंच हसली नव्हती. आणि दयानंद आपला माणूस आहे, निम्मी तूर त्याच्याकडून येते. एवढ्या तेवढ्यावरून तोंड पाडून कसं चालेल? पण वाटसरू म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं. लिहिलं, "तुझा नवरा माणूस नाही." लिहिताना हात थांबला. पण तिचा विश्वास बसायला पाहिजे.

 तिनं लिहिलं, "हे कुणीतरी म्हणावं असं फार दिवस वाटत होतं."

३ डिसेंबर

बरं झालं मी लक्ष ठेवलं. येत्या रविवारी नांदेडला तिची बँकेची परीक्षा आहे. चोरून अभ्यास करते, पुस्तकं पिठाच्या डब्यामागं. घरी मात्र सांगितलं की अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना (मी त्यांना मामा म्हणतो), नांदेडला दवाखान्यात दाखवायचंय. वाटसरूला लिहिलं, "पास झाले तर कुठंही बदली होईल. कुठंही चालेल."

मी लिहिलं, "शुभेच्छा."

नव्या तुरीची आवक सुरू झाली. कामात डोकं लागत नाही. ऑफिसात चिवडा खात बसलो.

८ डिसेंबर, रविवार

मार्केटातली पाच-सहा कुटुंबं जेवायला बोलावली. गुरुवारी तिला सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती, ती थांबली.

"रविवारीच का?"

"रविवारीच सगळे मोकळे असतात."

"मला अप्पांना घेऊन जायचं होतं."

"मामाला मी फोन केला. ठणठणीत हायेत. तू उगं काळजी करू नको."

तिनं लाटणं परत फिरवलं. आज पहाटेपासून राबली. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, भरली वांगी, चार प्रकारच्या चटण्या. मी आणलेली राणी रंगाची साडी नेसली. परीक्षेची वेळ अकराची होती. अकराला ती पाहुण्यांना पाणी देत होती, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. काही दिसलं नाही.  दयानंदनं हुग्गी तीनदा मागून घेतली, म्हणाला, "वहिनींच्या हाताला चव हाय."

खोटं बोलायची शिक्षा झाली, हे तिला कधी कळणार नाही. मला तरी शांत झोप लागेल असं वाटलं होतं.

९ डिसेंबर, सोमवार

दुपारी वाटसरूनं विचारलं, "कशी झाली परीक्षा?"

"गेलेच न्हाई. पाहुणे आले."

तिची दया आली. खरंच आली. मी लिहिलं, "असू दे. पॉइंट समजून घे, नोकरी करून तरी काय मिळणार? घर सांभाळणं काय कमी आहे का?"

तिकडून काहीच येईना. पाषाणी नुसती उभी. वाऱ्यावर तिच्या डोक्यावरचा तुरा तेवढा हलत होता. मग तिनं लिहिलं, "कुकर झाला. येते."

मी सहज घरी फोन लावला. अव्वा म्हणाली, "कुकर? आज सोमवार, उपास न्हाई का? चूलसुद्धा पेटली न्हाई."

बायका कारण नसताना खोटं बोलतात.

१२ डिसेंबर

दोन दिवस आली नव्हती. आज आली ती एकदम मोकळी. जेवलात का, वगैरे. बोलता बोलता म्हणाली, "मला पिवळा रंग लई आवडतो. हळदीसारखा. घरात कुणालाच माहीत न्हाई. कुणी न सांगता पिवळी साडी आणली ना, तर मी त्याचं सगळं विसरेन."

१४ डिसेंबर

पिवळी साडी आणली, हळदीसारखी. तिच्यापुढं ठेवली. तिनं घडीसुद्धा मोडली नाही.

"पिवळी. कशी काय सुचली?"

"मनात आलं."

हिशेब जुळल्यावर मुनीम मान हलवतो तशी तिनं मान हलवली. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल.

१६ डिसेंबर

धुणंभांडी करणारी विठाबाई आज तीच साडी नेसून आली. माझं डोकं फिरलं.

"तिला का दिली?"

"मला पिवळा कधीच आवडला न्हाई," अक्षरा म्हणाली.

म्हणजे रंग आवडतो, आणणारा आवडत नाही. मी जेवलो नाही. नंतर फरसाण खाल्लं.

२० डिसेंबर

बरेच दिवस वाटसरू तिच्या मागं होता की एकदा वंश बदल, गंधर्व हो. रूपांतरमणी म्हणून एक वस्तू मिळते, ती मीच तिला भेट दिली होती, ती वापरत नव्हती. काल अचानक म्हणाली, "उद्या दुपारी. एकदाच."

ऑफिसचं दार लावून बसलो. चौकात एक निळसर, उंच, नाजूक बाई आली. अंगावर तेच लोहकवच, जे पाषाणीवर पोलादी भिंतीसारखं होतं. ते आता कुठं आहे ते शोधावं लागत होतं.

"आले," तिनं लिहिलं. "सांगा, काय करू?"

मी म्हटलं, विहिरीच्या कठड्यावर उभी राहा. राहिली. वळ म्हटलं, वळली. लोक गोळा व्हायला लागले. कुणीतरी लिहिलं, नाच. कुणी शिट्टीचं चित्र टाकलं.

"अजून?"

"जरा चालून दाखव."

कठड्यावरून ती चालत गेली आणि परत आली. गर्दीत वाट काढून लोक तिच्या अंगात घुसत होते, खेळात माणूस माणसातून आरपार जातो. ती हलली नाही.

"तुमच्या मनात होती ती हीच ना?"

"सुंदर," मी लिहिलं.

"माझ्या नवऱ्याला पण अशीच लागते."

आणि गेली. पण माझं ऐकलं तरी. दीड वर्षात घरी एवढं ऐकलं नव्हतं.

रात्री ती ताट वाढत होती, मी बघत होतो. ती म्हणाली, "काय बघायलात? चालून दाखवू का?"

मी हातातला घास ताटात ठेवला. पण तिचं तोंड साधंच होतं. योगायोग असतात.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, वेळा अमावस्या. शेतावर गेलो, सगळ्यांना बोलावलं होतं. मिसळभाज्यांची भज्जी, ताकाची आंबील पोटभर. शुगर गेली खड्ड्यात.

अक्षरा आता बदललीय. सांगू ती साडी नेसते, प्रत्येक गोष्टीला 'हाव, बरं' म्हणते. दयानंद फोटोसाठी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, तर तिनं अव्वाला हाताला धरून मधे उभं केलं आणि हसली. फोटो चांगला आला. तिच्या वागण्याला वळण लागायला लागलंय. वाटसरूचा फायदाच झाला म्हणायचा.

तरी वाटसरूशी बोलणं थांबवत नाही ती. आज शेतातूनसुद्धा, हरभऱ्याच्या वाफ्यात उभी राहून लिहीत होती. मी आंब्याच्या झाडामागं जाऊन उत्तरं देत होतो. लिहिलं होतं, "तुम्ही असलात की हा दगड हलका होतो." हे वाचून मला काय झालं ते लिहिता येत नाही. बायको परक्या पुरुषाला असं लिहिते म्हणून राग यायला पाहिजे होता. आला. पण आधी दुसरंच काहीतरी आलं.

२ जानेवारी

तिनं विचारलं, "तुम्ही माझं सगळं ऐकलंय. माझ्या सासूबद्दल काय वाटतं?"

मी लिहिलं, "म्हातारीनं तुला मोलकरीण करून टाकलंय. ती मेल्याशिवाय तुझी सुटका नाही." मनातल्या मनात अव्वाची माफी मागितली.

"आणि माझे वडील?"

"तुझ्या बापानं पोरगी दिली नाही, ओझं उतरवलं. डाळमिल बघून हुरळला."

"परत लिहा. नीट दिसलं न्हाई."

मी परत लिहिलं.

७ जानेवारी

आता शेवट करायचा. वाटसरूनं लिहिलं, "मला तुला भेटायचंय." नकार दिला असता तर देवाशप्पथ मी हा गेम काढून टाकला असता. तिनं लिहिलं, "संक्रांतीला मी भावाकडं नांदेडला जाणार आहे. १६ तारखेला मुदखेड स्टेशनवर या. जंक्शन आहे, कुणी ओळखीचं नसतं."

म्हणजे जायला तयार! माझी बायको!

मी एकटा जाणार नाही. कंधारहून मामाला बरोबर घेणार. आपली पोरगी काय करते ते बापानं आपल्या डोळ्यांनी बघावं, मग माझ्याकडं कुणी बोट दाखवायचं नाही.

१२ जानेवारी, रविवार

अक्षराला नांदेडच्या बसमधे बसवून आलो. बॅग जड होती, मीच उचलून वर ठेवली. "काय भरलंस एवढं?" म्हटलं तर म्हणाली, "माझंच हाय सगळं." अव्वाच्या पाया पडली, मला नमस्कार केला. बस निघाली तेव्हा खिडकीतून तिनं हात केला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

सगळं लिहितो. क्रमानं लिहितो.

पहाटे गाडी काढली. कंधारला मामाच्या दुकानासमोर थांबलो. मामा म्हणजे गुरुबसप्पा, माझे सासरे, कापडाचं छोटं दुकान आहे त्यांचं. कपाळाला विभूती, हातात स्टीलचा डबा. "अक्षरासाठी तिळाच्या पोळ्या," म्हणाले. त्यांना वाटलं होतं मी त्यांना पोरीला भेटवायला नेतोय. नांदेड मागं पडल्यावर मी गाडीत सांगितलं. ते डबा मांडीवर धरून समोर बघत राहिले.

एवढंच म्हणाले, "जावईबापू, तुमची चूक होत आसंल."

"डोळ्यांनी बघा, मामा."

मुदखेडला पोचलो. फलाटावरच्या बाकावर बसलो. चहावाला दोनदा येऊन गेला. मग ती पुलावरून उतरली, मागं रविकिरण. तिच्या अंगात त्याचं जाकीट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. परक्या माणसाला शोधणारी बाई इकडं तिकडं बघते. ती कुठंही बघत नव्हती, सरळ आमच्याकडं चालत आली. वडील दिसले तेव्हा मात्र थबकली.

"अप्पा, तुम्ही कशाला आलात?" मग माझ्याकडं वळून, "ह्यांना पण आणलंत?"

मी उठलो. आवाज मुद्दाम चढवला. "कुणाला भेटायला आलीस ते सांग बापाला."

"तुम्हाला."

"खोटं बोलू नको! सोलापूरचा—"

तिनं मोबाईलवर काहीतरी लिहिलं. माझ्या शर्टच्या खिशात शिंग वाजलं. अग्निद्वारात निरोप आला की शिंग वाजतं. तिनं परत लिहिलं, परत वाजलं. मामांनी माझ्या खिशाकडं बघितलं. चहावाल्यानंही बघितलं.

"वाजायलंय तुमचं," ती म्हणाली. "घ्या की. वाटसरू तुम्हीच ना?"

 आधी हे का सुचलं नाही की मोबाईल गाडीत ठेवावा!

मी म्हटलं, "मी तुझी परीक्षा घेत होतो."

"माझी परीक्षा आठ डिसेंबरला होती," ती म्हणाली.

तिनं मोबाईल वडिलांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. ते ओठ हलवत वाचतात. कुठवर आले ते मला ओठांवरून कळत होतं. 'बापानं' शब्द आला. मग 'ओझं' आला. त्याच्याखाली परत तेच होतं, दुसऱ्यांदा लिहिलेलं, तेही त्यांनी पहिल्याइतकंच सावकाश वाचलं.

मोबाईल परत दिला आणि लेकीला विचारलं, "मी तुला कधी ओझं म्हणलो का गं?"

"न्हाई अप्पा."

माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "मामा, ते मी लिहिलेलं खरं नव्हतं, ते नुसतं तिला बोलतं करायला—" त्यांनी हात वर केला, दुकानात नको असलेल्या फेरीवाल्याला करतात तसा.

तिघं पुलाकडं निघाले. मी मागं गेलो. ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, "सुरुवातीला मी त्या माणसाशी खरं बोलत होते. दिवसातला तेवढाच वेळ बरा जायचा. वाटायचं, हाय कुणीतरी. मग कळलं. त्याच्यानंतरचं सगळं तुमच्याशी बोलले."

"कधी कळलं?"

ती वर चढून गेली.

परत येताना गाडीत डबा राहिलेला दिसला. फेकवेना. लोह्याजवळ गाडी बाजूला घेऊन दोन पोळ्या खाल्ल्या.

१९ जानेवारी

लोक विचारतात, वहिनी कुठं आहेत. दयानंदला सांगितलं की मुदखेड स्टेशनवर सापडली, कुणाची तरी वाट बघत होती. त्यात खोटं काय आहे? स्टेशनवरच होती. दयानंद दोन दिवसांत मार्केटभर करील, मला तोंड उघडावं लागणार नाही. त्याला सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मला आधीपासून शंका होती, लई हसायची ती." कधी हसली ती?

२५ जानेवारी

काल रविकिरण आला होता. मला वाटलं भांडायला आला. तो माझ्याशी बोललाच नाही. अव्वासमोर खाली बसला, मोबाईल काढला आणि शांतपणे वाचून दाखवलं, अव्वाबद्दल मी लिहिलेलं सगळं. अव्वाला वाचता येतं, पण डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मी हिसकावून घ्यायला गेलो तर अव्वा म्हणाली, "वाचू दे त्याला."

आज सकाळी तिनं पिशवी भरली. उदगीरला मावशीकडं जाते म्हणाली.

"अव्वा, ते खोटं होतं. नाटक होतं."

"हाव," ती म्हणाली. "मेल्याशिवाय सुटका न्हाई म्हणलास. मग आता जिवंतपणीच जाते."

विठाबाईनंही काम सोडलं. हॉटेलचं खातोय. काय खाल्लं ते लिहायचं कारण उरलेलं नाही, शुगर तीनशेच्या वर आहे.

१० फेब्रुवारी

रोज दुपारी अग्निद्वारात जातो. शिळा येत नाही. चौकात उभा राहतो. परवा एक पाषाणी दिसली, धावत गेलो, ती दुसरीच कुणी होती. तिनं विचारलं, "ओळखता का?" मी निघून आलो.

सगळं बोलणं मोबाईलमधे आहे. मी पहिल्यापासून वाचत बसतो. कुठवर ती खरी आहे आणि कुठून नाही, ते काढायचा प्रयत्न करतो. मुदखेडला भेटायचं ठरलं, तेव्हा तिला माहीत होतं, हे उघड आहे. येळवशीला माहीत नसावं. 'हा दगड हलका होतो' असं माहीत असताना कुणी कसं लिहील? ते तिनं मनापासूनच लिहिलंय. मी ते वाक्य हजारदा वाचलं असेल. मनापासूनच आहे ते.

नसलं तर?

मिलमधे आज मुनीम म्हणाला, "मालक, माल उघड्यावर पडलाय, झाका म्हणून सांगा तरी."

२१ फेब्रुवारी

नांदेडला तिच्या वकिलांच्या ऑफिसात गेलो. परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलंय. माझा वकील म्हणत होता, लढू, स्टेशनचा मुद्दा लावून धरू. मी नको म्हणालो. त्याला कारण सांगितलं नाही.

अक्षरा भावाबरोबर आली. कुठल्याशा खासगी शाळेत शिकवते म्हणे, आणि बँकेची परीक्षा परत देणार आहे. बारीक झालीय. मी आणलेला एकही कपडा तिच्या अंगावर नव्हता. तिचे वकील कागद वाचत होते, सगळं दोघांनाही मान्य होतं, तिनं स्वतःहून काहीच मागितलं नव्हतं.

"काही बोलायचंय का कुणाला?" वकिलांनी विचारलं.

मी म्हटलं, "एकच विचारायचंय. तुला कुठल्या दिवशी कळलं?"

माझा वकील माझ्याकडं बघायला लागला. रविकिरण म्हणाला, "चल ताई." ती उठली नाही.

"कशाला पाहिजे?"

"त्याच्याआधी जे बोललीस," मी म्हटलं, "रोज जेवलात का विचारायचीस, ते सगळं. ते तू कुणाशी तरी खरं बोललीस ना? तो मीच होतो. ते तरी माझं आहे. नुसती तारीख सांग."

ती विचार करत होती. खरंच करत होती, एखाद्या मुलानं वर्गात अवघड प्रश्न विचारावा आणि शिक्षिकेनं विचार करावा तशी. मला वाटलं आता सांगेल. एका तारखेचा तर प्रश्न होता.

"न्हाई सांगणार," ती म्हणाली. "सांगितलं तर तेवढं तुम्ही ठेवून घ्याल."

वकिलांनी पेन आधी तिच्यापुढं केलं, मग माझ्यापुढं.